टेबल नवे, दुखणे नवे

दोन महिन्यांपूर्वी एक हेडक्लार्क कंबर धरूनच दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ऑफिसात सगळं मॉड्युलर फर्निचर आलं. खुर्ची मऊ, मध्ये पार्टिशन. जुन्या लाकडी खुर्चीवर वीस वर्षं काढली, तेव्हा पाठ कधी दुखली नाही!"

मी विचारले, "पूर्वी दिवसातून किती वेळा उठत होता?"

"फाइल काढायला, सही घ्यायला, उठणं व्हायचंच. आता सगळं हाताशी आहे."

मेख इथेच आहे.

गंमत अशी, की हे फर्निचर निघाले तेच मुळी माणसाने उठावे म्हणून! अमेरिकेतील हर्मन मिलर कंपनीचे संशोधक रॉबर्ट प्रॉप्स्ट यांच्या कल्पनेतून, जॉर्ज नेल्सन यांच्या सहकार्याने १९६४ साली 'अ‍ॅक्शन ऑफिस' आले. त्यात उभ्याने काम करण्याचे उंच टेबलही होते. पण ते महाग पडले, फारसे खपले नाही. १९६८ साली सुट्या भागांची, हलत्या पार्टिशनची दुसरी आवृत्ती निघाली. पार्टिशने १२० अंशांत, ऐसपैस जोडावीत, अशी प्रॉप्स्ट यांची कल्पना होती. कंपन्यांनी ती काटकोनात जोडली आणि थोड्या जागेत जास्त माणसे कोंबली. झाली खुराडी! उतारवयात प्रॉप्स्ट यांनीच या प्रकारावर कडक टीका केली.

पुढे वाकून बसले की कमरेच्या मणक्यांमधील गाद्यांवर ताण वाढतो. पोटरीचे स्नायू हलले नाहीत की पायांतले रक्त वर चढायला मंदावते. खुर्ची कितीही भारी असो, शरीराचा हा नियम बदलत नाही. दिवसभर उभे राहणे हाही त्यावर उपाय नव्हे. त्याने पायांच्या शिरा फुगतात. उपाय एकच, हालचाल.

अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठावे. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता पाणी प्यायला माठापाशी जावे. बसताना तळवे जमिनीला टेकावेत, कंबरेला आधार असावा, कॉम्प्युटरच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. मात्र पायात मुंग्या येत असतील, जोर कमी वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर एक दिवसही थांबू नये.

आणि एक विनंती साहेबलोकांना. जागेवर न दिसलेला माणूस कामचुकारच असतो, हा समज आधी सोडा. फर्निचरवर लाखो रुपये खर्च करता, उठण्याची दोन मिनिटे तर फुकट आहेत!

आमच्या हेडक्लार्कांना मी औषध थोडेच दिले, उठण्याची ताकीद मात्र सक्त दिली. परवा बाजारात भेटले. कंबर बरी आहे म्हणाले. "पण साहेब विचारतात, सारखे कुठे जाता?" मी म्हटले, "सांगा, औषध घ्यायला."