भरधाव वेगाने

या सदरात मी आजवर दुसऱ्यांच्या मराठीतल्या चुका पुष्कळ दाखवल्या. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, सरकारी परिपत्रके, कोणालाही सोडले नाही. दिवाळीच्या अंकात काही गोड लिहावे अशी रीत आहे खरी; पण फराळाच्या ताटात चिवड्यातली मिरचीही असते. म्हणून आज एक माझीच चूक सांगतो. ती व्याकरणाची नाही.

त्याचे असे झाले. गेल्या जानेवारीत रात्री साडेदहाच्या सुमारास मी हिंदमाताच्या बसथांब्यावर उभा होतो. कापडाची दुकाने बंद होत आली होती. शेवटची दोनचार शटरे खडखडत खाली येत होती. एकाएकी ब्रेकची किंकाळी ऐकू आली आणि मागोमाग लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज. मान वर करून पाहतो तो पुलाखाली एक मालट्रक तिरका उभा, त्याच्या पुढच्या चाकाशी स्कूटर, आणि रस्त्यावर वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा. घरोघर जेवण पोचवणाऱ्यांची ती चौकोनी पिशवी अजून त्याच्या पाठीला होती. तो शुद्धीवर होता. पण त्याच्या डाव्या पायाकडे बघवत नव्हते.

माणसे जमली. ड्रायव्हरला खाली ओढून कोणी त्याच्या दोन थोबाडीतही दिल्या. "ऐंशीने आणली असेल गाडी!" गर्दीतून कोणीतरी ओरडले. पोलीस आले तेव्हा साक्षीदार म्हणून लोकांनी चष्मेवाल्या प्राध्यापकाला पुढे केले.

चौकीत हवालदार लिहू लागले : 'सदर चालकाने आपले ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने चालवून...' मला राहवले नाही. म्हटले, "हवालदारसाहेब, 'भरधाव' म्हटल्यावर पुन्हा 'वेगाने' कशाला? ही पुनरुक्ती झाली."

ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "सर, असेच लिहायची पद्धत आहे. गाडी भरधाव होती ना?"

"होती तर!" मी म्हणालो आणि सही केली.

मी मान वर केली तेव्हा ट्रक थांबलेला होता, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही.

पावसाळ्याच्या तोंडी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो आता वकील आहे आणि त्या पोराच्या नुकसानभरपाईचा दावा त्याच्याकडे आहे. चहा होईपर्यंत तो गप्प होता. मग त्याने पिशवीतून आकड्यांनी भरलेला एक कागद काढला.

"सर, हा तुमचा ट्रक."

मालाच्या आणि डिझेलच्या चोरीला आळा बसावा म्हणून मालकाने गाडीत एक यंत्र बसवले होते. गाडी कोठे आहे आणि किती वेगाने चालली आहे, याची नोंद ते दर दहा सेकंदांनी करते. पोराच्या आईने अपघाताच्या चौथ्याच दिवशी या वकिलाला गाठले होते, आणि त्याने त्याच आठवड्यात मालकाला व पोलिसांना पत्र धाडले होते की, ही नोंद पुसू देऊ नका. अशा यंत्रांची स्मृती बेताची असते. नवे लिहायला जागा हवी म्हणून ती जुने पुसत जाते. घरावर असा प्रसंग आला तर वाचकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे : दवाखान्याच्या धावपळीतच एक पत्र लिहावे लागते.

शेवटच्या चार नोंदी होत्या ३४, ३१, २७ आणि शून्य.

"म्हणजे भरधाव नव्हती?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"नव्हती, सर. आणि खोट्या वेगाला धरून बसलो तर विमा कंपनीचा वकील तुमच्यापासूनच सुरुवात करील. त्यात त्या पोराचा खरा दावाही बुडेल."

गाडीनेच आपली हकीकत लिहून ठेवावी ही कल्पना काही आजची नाही. युरोपच्या सामायिक बाजारातील देशांनी १९७० साली मालट्रकांत असे यंत्र बसवण्याचा नियम केला. त्यातल्या गोल कागदी चकतीवर ड्रायव्हरच्या दिवसभराचा वेग आणि विश्रांती उमटत असे. आपल्याकडे या नोंदींची चर्चा घरोघर झाली ती ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातानंतर. त्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी किती वेगात होती यावर नाक्यानाक्यावर पैजा लागत होत्या. गाडी बनवणाऱ्या कंपनीने तिच्यातील नोंद वाचून पोलिसांना कळवले की, धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला गेला. तेव्हा वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि धडकेच्या क्षणी ८९.

मात्र असला कागद कोर्टापुढे नुसता ठेवून भागत नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद कॅमेऱ्यातील चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, मूळ यंत्रच कोर्टात आणले नसेल तर त्यातील नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमातही ते आहे. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची, अशा दोघांची सही त्यावर लागते. दाव्याच्या न्यायाधिकरणात पुराव्याची काटेकोरी फौजदारी खटल्याइतकी नसते. तरी माझ्या विद्यार्थ्याने प्रमाणपत्र आधीच मिळवून ठेवले होते. यंत्राच्या साक्षीसाठी दोन सह्या लागतात. माझ्या साक्षीला माझी एक पुरली होती!

"म्हणजे ड्रायव्हर निर्दोष?" मी विचारले.

"तसेही नाही, सर. ताशी २७ ने गाडी दहा सेकंदांत पंच्याहत्तर मीटर जाते. तेवढ्या अंतरात काय घडले ते या कागदावर नाही. सिग्नल कोणाचा होता, हेही यंत्राला ठाऊक नाही. पण हे बघा."

त्याने पहिले पान उघडले. गाडी आदल्या रात्री मुंबईहून रिकामी निघाली होती, इचलकरंजीला कापडाच्या गाठी भरून लगेच परतली होती. बावीस तासांत ती सर्वांत जास्त थांबली ती दीड तास, आणि तीही गाठी चढवण्यासाठी. गाडीवर ड्रायव्हर एकच. मोटर कामगारांसाठी आपल्याकडे १९६१ साली कायदा झाला तेव्हाच दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली गेली होती, लांबच्या पल्ल्याला दहा. त्या रात्री आम्ही ज्याच्या थोबाडीत दिल्या त्याचे डोळे बावीस तास उघडे होते. त्याला तसे धाडणारा मात्र आमच्या गर्दीत नव्हता. मालकाने त्याला दुसऱ्याच दिवशी कामावरून काढले होते. कारण विचारणाऱ्यांना तो माझाच जबाब सांगत असे : 'भरधाव वेगाने'.

त्या रात्री मला झोप आली नाही. वेग मी पाहिला नव्हता. ऐकली होती ती ब्रेकची किंकाळी. आणि ऐंशीचा आकडा तर गर्दीतल्या कोणाचा तरी होता. एका शब्दातली पुनरुक्ती मला टोचली, पण तो शब्द खरा आहे की नाही हे तपासायचे मला सुचले नाही. तीस वर्षे शब्दांशी संसार केलेल्या माणसाने हे कोणत्या तोंडाने सांगावे?

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो. पुरवणी जबाब द्यायचा आहे म्हणालो. तेच हवालदार होते. त्यांनी कागद ओढला. मी सांगितले, "आवाज ऐकून मी मान वर केली तेव्हा ट्रक थांबलेला होता. त्याच्या वेगाबद्दल मला काहीही सांगता येत नाही."

त्यांनी लिहिले. मग डोळे मिचकावत म्हणाले, "सर, मागे तुम्ही 'वेगाने' काढायला सांगत होता."

"तेव्हा 'भरधाव' काढायला सांगायला हवे होते," मी म्हणालो आणि या खेपेला आधी सगळे वाचून मग सही केली.