तंबोरा करवून घेतांना

घरांत मुलीचें गाणें सुरू झालें म्हणजे दुकानांत उभा असलेला पहिलाच तंबोरा उचलून आणण्याची चाल पडली आहे. आम्हांस ती रुचत नाहीं. अंगरख्यास माप लागतें, मग कंठास नको काय?

आपल्या सोलापुराहून मिरज फारशी दूर नाहीं. तेथील कारागिरांचे पूर्वज शस्त्रें घडवीत. एकोणिसाव्या शतकांत फरीदसाहेबांनीं तो हात तंतुवाद्यांकडे वळविला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. मौज ही कीं, त्यांना लागणारा भोपळा आपल्याच जिल्ह्यांत, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो!

तंबोरा सांगावयास जातांना गाणारीस बरोबर न्यावें व तिचा षड्ज कारागिरास ऐकवावा. पुरुषांचा स्वर बहुधा काळी एकच्या आसपास, स्त्रियांचा काळी चारच्या. त्यावरून भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी आणि तारांची जाडी ठरते. भोपळा एकदां कापला कीं मग उपाय नाहीं. नक्षीची चर्चा मागाहून करावी. (आमच्या मंडळींस आधीं नक्षीच दिसते!)

खरी परीक्षा जवारीची. घोडीची पाठ किंचित् उतरती घांसतात, म्हणजे तार तिला निसटता स्पर्श करते. मग तारेखालीं सुताचा दोरा सारीत सारीत नेमक्या जागीं आणला कीं स्वर उमलतो. हें काम कानानें चालतें, घड्याळानें नव्हे. सणाच्या आधीं द्या म्हणून तगादा लावूं नये. मात्र तारांच्या घर्षणानें घोडी झिजते. तेव्हां पुन्हां जवारी काढून देण्याचें ठरल्या किंमतींत आहे कीं निराळें, तें विसार देण्यापूर्वींच विचारून घ्यावें.