परसातला हौद

गेल्या उन्हाळ्यात आम्ही परसात विटांचा हौद बांधला. पहिल्याच पावसाळ्यात तो तडकला. चूक आमचीच. आपली वरणगावची जमीन तापीखोऱ्यातली काळी, पाण्याने फुगणारी, उन्हात भेगाळणारी. आम्ही थेट तिच्यावरच विटा रचल्या, त्याही शेजारच्या काकूंच्या मातीच्या भिंतीला लागून. १००० लिटर पाणी म्हणजे १ टन वजन, हा साधा हिशेब दिवसभर कचेरीत आकडे मांडणाऱ्या आम्हाला सुचू नये! भिंतीला ओल चढली, काकू बोलेनाशा झाल्या.

आता गवंडीदादांच्या सल्ल्याने काळी माती उपसून मुरूम भरला. थोडा थोडा, पाणी मारून, धुमसाने ठोकत. वर काँक्रीट. हौद भिंतीपासून चार हात दूर, सांडपाण्याचा उतार आमच्याच मोरीकडे. काकूंची भिंतही आमच्या खर्चाने लिंपून दिली. काल त्या हंडा घेऊन आल्या.