रक्ताची पिशवी ‘निगेटिव्ह’ आहे, म्हणजे नेमके काय?

डहाणू-तलासरीतल्या आदिवासी कुटुंबांना सिकलसेल हा आजार नवा नाही. तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर हिमोग्लोबिन उतरल्यावर होणारी धावपळ तुम्हाला माहीत आहे. कधी डहाणू गाठायचे, कधी सीमेपलीकडे वापी, वलसाड किंवा सिल्वासा. त्या घाईत ‘रक्त तपासलेले आहे ना?’ हा प्रश्न मागे पडतो.

२०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधील चाईबासा येथेही अशीच मुले आढळली. दोन्हीकडे संशय चढवलेल्या रक्तावर होता. बातम्या एचआयव्हीच्या असल्या, तरी हिपॅटायटिस बी आणि सी याच वाटेने शिरतात.

भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. मग धोका उरतो कुठे? नुकत्याच झालेल्या संसर्गात. विषाणू शरीरात शिरल्यावर नेहमीच्या चाचणीत दिसायला बी प्रकारात महिनाभर किंवा थोडे अधिक, तर सी प्रकारात सुमारे दोन महिने लागतात. या काळात रक्तदाता ठणठणीत असतो, चाचणी निगेटिव्ह येते आणि रक्त मात्र संसर्ग देऊ शकते. ‘नॅट’ चाचणी विषाणूचा जनुकीय अंश शोधते, त्यामुळे हा काळ कमी होतो. शून्य होत नाही. ती कायद्याने सक्तीची नाही आणि प्रत्येक रक्तपेढीत होत नाही.

म्हणून पहिली चाचणी असते ती रक्तदात्याच्या खऱ्या उत्तराची. ‘रक्तदाता आणा’ म्हटल्यावर भाच्याला किंवा शेजाऱ्याला भरीस घातले, तर पूर्वी झालेली कावीळ किंवा गेल्या जत्रेत गोंदवून घेतल्याचे तो संकोचाने लपवू शकतो. गोंदवल्यानंतर वर्षभर रक्तदान करू नये. नको म्हणणाऱ्याला सोडून द्या. पैसे देऊन रक्तदाता आणू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर रक्ताच्या विक्रीवर बंदी आली आहे.

वारंवार रक्त चढवावे लागत असेल, तर एवढे करा :

• रक्तपेढीत नॅट चाचणी होते का, ते विचारा.
• हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली आहे का, ते पाहा. मोठ्या माणसांची बहुधा राहिलेली असते. सीवर लस नाही.
• वर्षातून एकदा बी आणि सी या दोन्हींची तपासणी करा. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. सी बहुतेकदा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी आटोक्यात ठेवता येतो.

मात्र हे वाचून रक्त नाकारू नका. डॉक्टरांनी गरज सांगितली असताना केलेला उशीर या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा ठरतो.