मृत जलाचे गाव

फ्रान्सच्या दक्षिणेस रोन नदी दोन फाट्यांनी भूमध्य समुद्रास मिळते. तेथील दलदलीच्या मुलखास कामार्ग म्हणतात. तेथले रानटी पांढरे घोडे पाहावेत, या इच्छेने आम्ही उभयता गेलो होतो. घोडे दिसले, गुडघाभर पाण्यात शांतपणे चरत होते. ते पूर्णार्थाने रानटी मात्र नव्हेत. वर्षभर मोकळे हिंडत असले, तरी त्यांना मालक असतात. शिंगरू जन्मतः काळसर असते आणि काही वर्षांनी पांढरे होते, हे ऐकून सौभाग्यवतींस मोठी गंमत वाटली.

मला मात्र जवळच्या एग-मोर्त या तटबंदीच्या गावाने अधिक खिळवून ठेवले. नावाचा अर्थच ‘मृत जल’. फ्रान्सचा राजा नववा लुई यास भूमध्य समुद्रावर स्वतःचे बंदर हवे होते. म्हणून त्याने ही दलदल निवडली. डासांच्या मुलखात वस्तीस कोण येणार? 1246 मध्ये त्याने सनद देऊन रहिवाशांस करांतून सूट दिली. मागास भागातील उद्योगांस सवलती देण्याची युक्ती इतकी जुनी आहे! 1248 आणि 1270 या दोन्ही वर्षी धर्मयुद्धावर निघालेला राजा येथूनच जहाजात बसला. पुढे त्याच्या मुलाने व नातवाने दीड किलोमीटरहून अधिक लांबीचा तट उभारला. पण नदीचा गाळ सनद वाचत नाही. बंदराचे कालवे भरत गेले आणि 1481 मध्ये मार्सेय फ्रान्सच्या राज्यात आल्यावर व्यापार तिकडे वळला. गावास तारले ते मिठाने. तटावरून आजही गुलाबी पाण्याची मिठागरे आणि मिठाच्या पांढऱ्या राशी दिसतात.

तटाच्या एका कोपऱ्याशी कॉन्स्तांस नावाचा बुरूज आहे. त्याच्या भिंती सहा मीटर जाड आहेत. 1685 मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंट पंथीयांस दिलेली उपासनेची मुभा काढून घेतली आणि कालांतराने हा बुरूज त्या पंथाच्या स्त्रियांचा तुरुंग झाला. मारी द्युरां ही तरुणी 1730 मध्ये येथे आणली गेली. तिचा भाऊ पंथाचा उपदेशक, हाच मुख्य अपराध. दोन वर्षांनी त्याला फाशी झाली. आपला पंथ सोडल्याची कबुली दिली की सुटका, असा मार्ग मोकळा होता. बँकेतील सेवेत मी असंख्य कबुलीपत्रांवर सह्या घेतल्या. अडचणीतला माणूस किती लवकर सही करतो, हे मला ठाऊक आहे. मारीने 38 वर्षे ती कबुली दिली नाही. सोबतच्या स्त्रियांसाठी ती मदतीची पत्रे लिहीत राहिली. बुरुजातील दगडावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एक शब्द कोरलेला आहे. तो तिनेच कोरला असे मानतात. त्या दगडापाशी आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

1768 मध्ये तिची सुटका झाली. ती आपल्या गावच्या घरी परतली, तेव्हा जवळ काही उरले नव्हते. आम्स्टरडॅममधील फ्रेंच भाषिक प्रोटेस्टंट चर्चने तिला निर्वाहवेतन बांधून दिले. त्यावर ती 1776 पर्यंत जगली.