आधी सलाम, मग कलाम

२००१ सालची गोष्ट. अब्बांच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. भाईजान जेद्दाहला, रजेसाठी त्यांना लगेच कळवायचं होतं. परदेशी फोन परवडत नव्हता, म्हणून ई-मेल. पण भोरच्या आमच्या घरातला मोडेम एकच सांगे, 'नो डायलटोन'. रिसीव्हर कानाला लावला तर टोन स्वच्छ!

मग आम्ही हायपरटर्मिनल उघडून मोडेमला लेखी हुकूम द्यायला शिकलो. प्रत्येक हुकमाआधी 'एटी', म्हणजे 'लक्ष दे'. 'एटीझेड' लिहिलं की तो जुनं सगळं विसरून 'ओके' म्हणतो. एक्स्चेंजचा टोन त्याच्या ओळखीचा नव्हता. 'एटीएक्स३' लिहून टोनची वाट न बघता नंबर फिरवायला सांगितलं. वेल्ह्याला मामूंकडे 'डीटी'ऐवजी 'डीपी', म्हणजे टोनऐवजी पल्स लागलं.

किर्रर्र आवाज झाला, 'कनेक्ट' उमटलं. भाईजान ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घरी पोहोचले.

अमेरिकेतल्या हेझ कंपनीने १९८१ मध्ये आणलेली ही भाषा अजून संपलेली नाही. शेतातला पंप मोबाईलवरून सुरू करणाऱ्या स्टार्टरमधलं सिमचं यंत्रही 'एटी'च ऐकतं.

अम्मी म्हणायच्या, आधी सलाम, मग कलाम. यंत्रालाही तेच लागतं. आणि 'ओके' आल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही, हेही.