हक्क नव्हे, मक्ता

'प्रक्षेपण-हक्क' ह्या शब्दावर आमचा आक्षेप आहे. शीव कोळीवाड्याच्या दक्षिणेस, परळ-लालबागेत, १९८२च्या संपात गिरणी कामगारांनी मागितला तो हक्क. २०२२ साली आयपीएलच्या पाच हंगामांसाठी ४८,३९० कोटींची बोली लागली, तो मक्ता! प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच बजावले होते. तेही क्रिकेटच्याच खटल्यात. चढाओढीत प्रेक्षकाचे भले म्हणावे, तर दूरचित्रवाणीचा मक्ता घेणारे स्टार आणि डिजिटलचा घेणारे व्हायाकॉम-१८ हे २०२४ साली एकत्रच नांदू लागले. आणि आमच्या गल्लीबोळांत चुन्याच्या रेघांवर वाढलेली कबड्डी? प्रो कबड्डी चालवणाऱ्या कंपनीत स्टारने २०१५ साली बहुमताचा हिस्सा घेतला; २०२१च्या लिलावात मक्ताही स्टारलाच मिळाला.